रुसलेलं कुलूप

मास्तरांच्या दुकानावर पाटी होती: 'कोणतंही कुलूप न मोडता उघडून मिळेल.' पाटी दुकानापेक्षा मोठी होती, कारण दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत मास्तर, किल्ली घट्ट धरायचा एक शिकंजा आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, एवढंच मावायचं. गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण हट्टी पेटी किंवा किल्ली हरवलेलं कपाट पुढ्यात आलं की ते मांडी घालून बसत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "हं, आता बोल." बघणाऱ्याला वाटे, तोंडी परीक्षा चाललीय. कुलूप थोडा वेळ गप्प राही, मग खट्‌कन बोले. म्हणून ते मास्तर. समोरच्या बाजूला एक मशीनवाला येऊन बसला होता. तो किल्ली यंत्रावर कापून देई आणि अडलेलं कुलूप सरळ चक्रीनं कापून टाकी. "मोडायचं काय, ते हातोडीलाही येतं," असं मास्तर म्हणत, आणि मशीनवाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. त्यांनी स्वतः एकही कुलूप कधी मोडलं नव्हतं. त्यांच्या सगळ्या अभिमानाची जमापुंजी ती एवढीच.

घर दुकानालगतच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली, तिच्या एका टोकाला स्वयंपाकाचा ओटा, आणि आतली खोली. माणसं तीन: मास्तर, त्यांची बायको, जिला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे, आणि दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायच्या कामावर असलेली मुलगी. तीन माणसांना दोन खोल्या काही वाईट नाहीत. पण त्या घरात माणसांखेरीज वस्तूही राहत होत्या, आणि त्यांचा वंश वाढता होता.

त्याला कारण मास्तरीणबाईंचे थोरले भाऊ. त्यांना सगळेच दादा म्हणत. दादांचं घरगुती वस्तूंचं भलंमोठं दुकान होतं आणि बहिणीवर त्यांचा फार जीव होता. ह्या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की बहिणीच्या घराचं काय होतं, ते मास्तरांकडे येऊन बघावं. रस काढायचं यंत्र, पाय चेपायचं यंत्र, भिंतीएवढा टीव्ही, तीन माणसांसाठी साठ नगांचा डिनर सेट. आणि एक व्यायामाची सायकल, जी कुठे जात नसे आणि जिच्यावर कोणी बसतही नसे. "घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं," मास्तर म्हणत. "इथं मेव्हण्यानं धाडलंय, आणि घोड्याला पायडल आहेत."

वस्तू फुकट मिळाल्या तरी फुकट राहत नाहीत. त्यांना पुसावं लागतं, झाकावं लागतं, बिघडल्या तर दुरुस्तीला न्यावं लागतं. मास्तरीणबाईंचा दिवस फडकं हातात घेऊन उगवे आणि फडकं पिळून मावळे. संध्याकाळी मास्तर टीव्हीपुढे, मुलगी पलंगावर कानात गाण्याची बोंडं खुपसून, आणि बाई कपाटापुढे, काहीतरी कशाच्या तरी मागं ठेवण्यात गुंतलेल्या. घरात भांडण अजिबात नव्हतं. बोलणंच नव्हतं, तर भांडण कुठून आणायचं?

अशात दादांच्या मुलीचं लग्न निघालं, तेही परगावी. तिघांनी जायचं ठरलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीत चोरी झाली. मास्तरीणबाईंनी धसका घेतला. बाहेरच्या दाराला काय, कोणीही लाथ घालेल. तेव्हा किंमतीचं सगळं आतल्या खोलीत न्यायचं आणि त्या दाराला मजबूत कुलूप लावायचं असं ठरलं. आता किंमतीचं कशाला म्हणायचं हा प्रश्न आला. बाई म्हणाल्या, "एकदा ठेवतोच आहोत, तर सगळंच ठेवू." टीव्ही आत गेला, गाद्या आत गेल्या, खिडकीपुढचं कपाट आत गेलं, मिक्सर, इस्त्री, कपडे, खुर्च्या, चांगली पातेली, छत्र्या, अगदी सुईदोऱ्याचा डबासुद्धा. जाताना वापरायचा चहा आणि आल्यावर लागेल ते चार भांड्यांचं सामान तेवढं बाहेर उरलं.

आणि मजबूत कुलूप? त्यासाठी मास्तर वर्षानुवर्षं जणू थांबलेच होते. फावल्या वेळात त्यांनी स्वतः एक कुलूप घडवलं होतं. पितळेचं, लांब कडीचं, तळहाताहून मोठं. त्याची खुबी अशी, की चुकीची किल्ली घालून फिरवली की आतली एक खिट्टी खाली पडायची, आणि मग खरी किल्लीसुद्धा चालायची नाही. "रुसतं ते," मास्तर कौतुकानं सांगत. "भलत्यानं हात लावला की रुसतं." पडलेली खिट्टी परत वर कशी न्यायची, हा भाग त्यांनी पुढं कधीतरी बघू म्हणून ठेवला होता. कारण चुकीची किल्ली चोर घालणार. चोराची सोय कशाला बघायची?

त्यात आणखी एक हुशारी. एवढ्या भारी कुलपाची किल्ली देखणी केली तर चोर ती लगेच ओळखेल, म्हणून मास्तरांनी ती मुद्दाम इतर किल्ल्यांसारखीच गबाळी ठेवली आणि आपल्या कमरेच्या जुडग्यात मिसळून टाकली. जुडगा केवढा, तर ते चालले की मागं गाईची घंटा वाजतेय असं वाटावं.

लग्न झालं. रात्रभर बसमध्ये अवघडून तिघं सकाळी घरी परतले. बाई म्हणाल्या, "अहो, आधी गादी काढा, पाठ मोडलीय माझी." मास्तरांनी जांभई देत जुडगा काढला, एक किल्ली घातली आणि फिरवली.

आत काहीतरी टिक्‌ झालं. बारीकसाच आवाज, पण मास्तरांची जांभई अर्ध्यावरच थांबली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"रुसलं," मास्तर म्हणाले.

"कोण?"

मास्तरांनी नुसतं कुलपाकडे बोट केलं. मुलीला आधी कळलं. ती तिथेच बॅगेवर बसली आणि हसत सुटली. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे चोरासाठी जे केलंत त्यात तुम्हीच अडकलात?" त्या म्हणाल्या. "आणि सोडवायचं कसं?"

"तेच बघतोय."

"बघतोय म्हणजे? तुम्हीच केलंय ना ते?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, मास्तर सांगणार तरी कुणाला? त्यांनी मांडी घातली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हं, आता बोल." कुलूप बोललं नाही. दुपारपर्यंत बोललं नाही, संध्याकाळपर्यंतही नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीला बातमी कळली, तीही मास्तरांच्याच अंगावरून. बॅगेत फक्त लग्नातले भारी कपडे होते, त्यामुळे मास्तर दुकानात येऊन बसले ते कोट आणि टाय घालून. जिन्याखाली, शिकंज्यापुढे. मशीनवाला रस्ता ओलांडून मुद्दाम बघायला आला.

"मास्तर, कुणाचं लग्न?"

"कपडे आत राहिलेत," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती, हा त्यांचा त्यावेळचा दोष. "आणि कुलूप उघडत नाहीये."

मशीनवाल्यानं आधी पाटीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा पाटीकडे. संध्याकाळपर्यंत चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं लोक हसून म्हणाले. हसले तिथवर ठीक होतं. पण हळूहळू जिन्याखाली गिऱ्हाईक थांबेना. ज्याला स्वतःचं उघडत नाही तो आपलं काय उघडणार? माणसं मान खाली घालून मास्तरांसमोरून जात आणि मशीनवाल्याकडे वळत. मास्तर वर बघायचं टाळत, कारण वर पाटी होती.

घरी तर रोज नवा शोध लागे. काय आत आहे हे माणसाला ते हवं झालं की कळतं. पाऊस आला, छत्री? आत. बटण तुटलं, सुई? आत. नखं वाढली, नेलकटर? आत. मुलगी मोजून मापून वैतागे आणि मग हसे. नवीन काही आणायचं नाही असा बाईंचा हुकूम होता. "घरात आहे ते पुन्हा कशाला घ्यायचं? आज नाहीतर उद्या उघडेलच." त्यामुळे आणलं काहीच नाही. गच्चीच्या दोरीवर वाळत राहून गेलेले जुने कपडे चार दिवसांनी आठवले, ते आलटून पालटून चालले. एक चटई होती, तिच्यावर तिघं आडवे झोपले. ताटं दोनच होती, तेव्हा मुलगी झाकणात जेवे. पहिले काही दिवस बाई ओट्याशी उभ्या राहून आतल्या दाराकडे अशा बघत, की दारालाच लाज वाटावी.

मग काहीतरी बदललं. नेमकं कधी ते सांगता येणार नाही, कारण असल्या गोष्टी सांगून येत नाहीत. पुसायला काही उरलं नव्हतं. मास्तरीणबाईंचं काम सकाळीच संपू लागलं, आणि एके दिवशी त्या भर दुपारी खिडकीत पाय वर घेऊन बसल्या. मास्तर जेवायला आले तर बाई बसलेल्या! त्यांना वाटलं बरं नाही.

"काही होतंय का तुला?"

"काही नाही. बसलेय," बाई म्हणाल्या. "ह्या खिडकीतून तुमच्या दुकानाचा जिना दिसतो, ठाऊक होतं तुम्हाला? एवढी वर्षं पुढं कपाट होतं."

संध्याकाळचा प्रश्न मुलीनं सोडवला. टीव्ही आत, पलंग आत, आणि बाप कुलपापुढे बसून सुस्कारे टाकतोय, हे तिला बघवेना. तिनं खडूनं फरशीवर चौकोन आखले आणि मास्तरांच्या पत्र्याच्या डब्यातल्या टाकाऊ किल्ल्या सोंगट्या म्हणून मांडल्या. पितळी किल्ल्या बापाच्या, लोखंडी आईच्या, आणि जुन्या कुलपांतून निघालेल्या गोल चकत्या तिच्या स्वतःच्या. खेळाचे नियम तिनंच केले आणि बाईंनी ते पहिल्याच डावात मोडले. बाई धडधडीत लबाडी करत. सोंगटी पदरानं सरकवत आणि वर म्हणत, "वारा आला." मास्तर आरडाओरडा करत. इतक्या वर्षांच्या संसारात आपली बायको एवढी लबाड आहे हे मास्तरांना माहीतच नव्हतं. आणि ते कळल्यावर, खरं सांगायचं तर, त्यांना फार आनंद झाला.

आता डाव कधी चुकत नसे. मुलगी दवाखान्यातून थेट घरी येई आणि दिवसभरात कोण खुर्चीत बसून रडलं त्याच्या नकला करून दाखवी. एकच पातेलं, त्यातला भात तिघं बोलता बोलता संपवत. झोपायच्या आधी बाई रोज विचारत, "काय म्हणतंय हो कुलूप?" पहिल्या आठवड्यात ह्या प्रश्नाला धार होती. पुढं पुढं ती नुसती चौकशी झाली, शेजारच्या आजारी माणसाची करावी तशी.

एका डावाच्या आधी मास्तर डब्यात हात घालून तळाशी अडकलेली एक किल्ली तारेनं उकरत होते. ती काही निघेना. बाई म्हणाल्या, "उकरत काय बसलाय? डबा पालथा घाला की."

मास्तरांनी डबा पालथा घातला. किल्ली टण्‌कन खाली पडली, आणि मास्तर तिच्याकडे बघत बसले. त्या दिवशी ते सगळे डाव हरले.

दुसऱ्या दिवशी मुलीला सुट्टी होती. दुपारी बाई आणि ती भाजी आणायला गेल्या, तेव्हा मास्तर घरी आले. कुलपाची कडी लांब होती. त्यांनी कुलूप धरून वर वळवलं, अगदी पालथं केलं आणि बोटानं दोन टिचक्या मारल्या. वजनानं पडलेली खिट्टी वजनानंच परत गेली. मग त्यांनी जुडग्यातून खरी किल्ली शोधली, ह्या वेळी चष्मा लावून. खट्‌. इतके दिवस तारा घालून उकरलं, आणि उत्तर होतं पालथं घालणं!

मास्तर खिडकीकडे धावलेच. त्यांना ओरडायचं होतं. गल्लीला, चहावाल्याला, न्हाव्याला आणि सगळ्यात आधी त्या मशीनवाल्याला सांगायचं होतं, की उघडलं, न मोडता उघडलं. पण मग त्यांना वाटलं, आधी दार तर उघडून बघू.

आतून डांबरगोळ्यांचा भपकारा आला. सगळं जिथल्या तिथं होतं. टीव्ही चादर पांघरून बसला होता. कपाटं, खोकी, साठ नगांचा डिनर सेट, पाय चेपायचं यंत्र. मास्तरांना बसायला जागा दिसेना, म्हणून ते व्यायामाच्या सायकलवर बसले. तिच्यावर बसलेला तो पहिला माणूस. कपाटाचा एक ड्रॉवर उघडाच होता आणि त्यात नेलकटर दिसलं, तेव्हा त्यांनी हाताची नखं कापून घेतली, कारण वाढलेल्या नखांनी बारीक काम होत नाही. कापता कापता ते सगळीकडे बघत होते. कोपऱ्यातल्या ह्या खोक्यात काय आहे? आठवेना. आठवत नाही म्हणजे लागलं नाही. टीव्ही मात्र ओळखीचा होता. तो बाहेर नेला की कुठे लागणार? समोरच्या भिंतीला. मग गाद्या कुठे? फरशीवर, खडूच्या चौकोनांवर. कपाट? खिडकीपुढे.

आणि मास्तरांना भीती वाटली. चोराची वाटते तशी नाही, त्याहून मोठी. हे दार उघडलं की आपण तिघं पुन्हा तीन दिशांना जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. कोणी म्हणेल, दार उघडं ठेवावं आणि वस्तू आतच राहू द्याव्यात. असं म्हणणाऱ्यानं बिस्किटांची बरणी उघडी ठेवून बघावी.

जिन्यात आवाज झाला. बाई काहीतरी सांगत होत्या आणि मुलगी खदखदून हसत होती. मास्तर सायकलवरून उतरले, बाहेर आले, दार ओढलं आणि कुलूप दाबलं.

"आज तरी बोललं का?" पिशवी ठेवत बाईंनी विचारलं.

"छे," मास्तर म्हणाले. "भलतंच रुसलंय."

आयुष्यातलं हे पहिलं खोटं त्यांना अंगाच्या मापानं न शिवलेल्या कोटासारखं टोचत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. बाईंनी नुसतं पाहिलं तरी ते दचकत. पण बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी भात टाकला आणि मुलीनं सोंगट्या मांडल्या.

दुकानात मात्र दिवस कठीण होते. किल्ली कुठली, उपाय काय, सगळं ठाऊक असून मास्तर मुकाट्यानं टोमणे ऐकत होते. घरची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून बाहेरची अब्रू रोज थोडी थोडी जात होती. कधी कधी त्यांना वाटे, आजच घरी जाऊन उघडावं आणि ह्या सगळ्यांना वर बोलवावं. मग ते मान उचलून घराच्या खिडकीकडे बघत. तिथं बाई पाय वर घेऊन बसलेल्या असत आणि हात हलवत.

पण दादा काही गप्प बसणारे नव्हते. लेकीच्या लग्नातून मोकळे झाल्यावर त्यांना बहिणीची हकिकत कळली आणि त्यांना रडूच आलं. बहीण चटईवर झोपते! भाची झाकणात जेवते! सुट्टीच्या दिवशी सकाळीच ते जिना चढून आले, आणि सोबत कोण, तर मशीनवाला, हातात चक्रीचं मशीन घेऊन. मागोमाग चहावाला, न्हावी आणि ज्यांना ज्यांना वेळ होता असे सगळे. वेळ सगळ्यांनाच होता.

"भावोजी, पुष्कळ झालं," दादा म्हणाले. "दोन मिनिटांत कापून काढतो हा. माझ्या बहिणीला आणखी हाल नकोत."

मशीनवाला खोटं खोटं खाकरला. "मास्तर, तुमचा मान आधी. तुम्ही उघडत असाल तर उघडा. नाहीतर एकदा 'मला जमत नाही' म्हणा, मी मशीन लावतो."

मास्तर उभे राहिले. आयुष्यभराची अब्रू त्यांच्यापासून हातभर अंतरावर लटकत होती. कुलूप पालथं करायचं, टिचकी मारायची, किल्ली फिरवायची, आणि मशीनवाल्याचं तोंड बघायचं. त्यांचा हात जुडग्याकडे गेलासुद्धा. उघडलं तरी दार उघडणार होतं आणि कापलं तरी उघडणारच होतं. मग निदान मान तरी वाचवावा, असं शहाण्या माणसानं केलं असतं.

त्यांनी खाली पाहिलं. दादांचा बूट खडूच्या चौकोनावर पडला होता आणि मुलगी गुडघ्यावर बसून तो चौकोन पुन्हा आखत होती.

"मला जमत नाही," मास्तर म्हणाले.

दारात हशा पिकला. "मग ती पाटी?" न्हावी म्हणाला.

"पाटीवर पुढं आणखी लिहून घेतो," मास्तर म्हणाले.  "'स्वतःचं सोडून' असं. पण कापू देणार नाही."

"म्हणजे उघडतही नाही आणि कापूही देत नाही?" दादांनी कपाळावर हात मारला. "अरे, असला हट्ट लहान पोर करत नाही! अगं, आता तूच सांग ह्यांना. तुझं सामान आहे. तू म्हणशील ते."

सगळे मास्तरीणबाईंकडे बघू लागले. मास्तर मात्र बघेनात. बाईंची पाठ आठवली त्यांना, गादी आठवली, साठ नग आठवले. तिनं हो म्हटलं तर तिचं काही चुकणार नव्हतं.

बाईंनी आधी हात पुसले. मग त्या उठून आतल्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"दादा, ते मशीन उचल," त्या म्हणाल्या. "कुलूप रुसलंय. रुसलेल्याची समजूत काढायची असते, मान कापायची नसते. ह्यांना लागू दे किती दिवस लागायचे ते."

"अगं पण टीव्ही..."

"आहे की. आत आहे."

"बरं, मग मी नवीन पाठवतो. आजच पाठवतो!"

"पाठव ना," बाई म्हणाल्या. "पण ठेवायची जागा आतल्या खोलीत आहे, आणि ती बंद आहे."

 दादा उगीचच इकडे तिकडे बघत राहिले. मग मुलीनं त्यांना चटईवर बसवलं, चहा दिला आणि हातात चार चकत्या दिल्या. दादा एक डाव खेळले. बाईंनी त्यांच्याही सोंगट्या सरकवल्या, तेव्हा ते एकदम ओरडले, "लहानपणीही हेच करायचीस तू!" आणि इतकं हसले, की डोळे पुसत जिना उतरले. मशीनवाला मशीन घेऊन केव्हाच गेला होता. चहावाल्याला आणि न्हाव्याला तर खेळाचे नियम समजावून घेतल्याशिवाय हलायचं नव्हतं, त्यांना शेवटी बाईंनी हाकललं.

खोली शांत झाली. मुलीनं नवा डाव मांडला. मास्तर पितळी किल्ल्या हातात घेऊन बसले, पण मांडवेनात. एवढ्या लोकांसमोर आपल्या बाजूनं उभी राहिलेली ही बाई, आणि तिला आपण इतके दिवस फसवतोय. 

"अगं," ते म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं."

"आधी चाल करा," बाई म्हणाल्या. डोळे चौकोनावरच होते आणि पदराखाली एक लोखंडी किल्ली हळूच सरकत होती. "आणि पुढल्या वेळी आत जाल ना, तेव्हा येताना ते नेलकटर तेवढं बाहेर आणा. आमचीही नखं वाढलीत."

मास्तरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. समोरून मुलीनं आपले दोन्ही हात पुढं केले.